टाकीवर टॉवेल

कुर्ल्याच्या बाजारातून निवास रविवारी आला
तो हातात फुगवलेली पिशवी घेऊन.
आत पाच मासे आणि थोडंसं कुर्ल्याचं पाणी.
सासूबाई दारातच म्हणाल्या,
"खावचे नाय, तर हाडलंस कित्याक?"

प्रश्न चुकीचा नव्हता.
आमच्या घरात मासा येतो
तो कल्ला उचलून, लाल बघून,
आणि तासाभरात हळद-मीठ लावून
ताटलीत गप्प पडतो.
मी सांगलीकडची. मला ते शिकायला चार वर्षं लागली.
आता म्हणे हे नुसते बघायचे.

मैथिलीने त्यांना नावं दिली,
सासूबाईंनी नावं ठेवली.
चपटा तो पापलेटाचा गरीब चुलता,
दोघे काळे म्हणजे तव्यावर विसरलेले,
आणि ते दोन सोनेरी?
"नुसती साल. आत काटोसुद्धा नसतलो."

टाकीला जागा एकच होती,
त्यांच्या शिलाई मशीनचं टेबल.
कन्नमवार नगरातल्या अर्ध्या पोरांचे गणवेश
त्या टेबलावरून शाळेत गेलेत.
मशीन पलंगाखाली गेलं, चादर पांघरून.
त्या काही बोलल्या नाहीत.
दुपारी खुर्ची तेवढी
टाकीकडे पाठ करून ठेवू लागल्या.

निवास हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असतो,
आठ तास लोकांचं रक्त काचेवर पसरतो.
घरी आला की बूट न काढता
टाकीसमोर उकिडवा बसतो.
काचेपलीकडचं काहीतरी
नुसतं पोहत असलेलं बघायला मिळावं,
एवढंच असेल.
विचारलं नाही मी कधी.

मे महिन्यातल्या एका रात्री वीज गेली.
त्याची रात्रपाळी.
पंख्याआधी मला पंप थांबलेला कळला.
मोबाइलच्या उजेडात बघितलं,
पाचही वर आलेले, तोंडं उघडी,
पाण्याला खालून टाचण्या टोचल्यासारखी.
फोनवर तो म्हणाला, "मगाने पाणी घे, उंचावरून सोड.
सोडत राहा. थांबू नकोस."

मी दीड वाजेपर्यंत सोडलं.
मैथिली शंभरपर्यंत मोजणार होती, बासष्टला झोपली.
मग भिंतीला टेकून माझाही डोळा लागला.

जाग आली ती आवाजाने.
अंधारात स्टुलावर सासूबाई,
हातात त्यांचा चहाचा पेला.
पाणी उचलायच्या, हात उंच न्यायच्या, सोडायच्या,
लेकराचं दूध निववावं तसं.
निवासचंही असंच निववलं असणार,
याच हाताने, याच खोलीत.
आणि पेल्यागणिक शिव्या,
"घे. वारो घे, मेल्या. घे रे."
मी उठले तर म्हणाल्या,
"तू नीज गो. माका खंय झोप येता?"

पाच वाजून दहा मिनिटांनी वीज आली.
पंप घुरघुरला.
चार होते. एक सोनेरी नव्हता,
म्हणजे होता, पण आडवा.
त्यांनी तो तळहातावर घेतला,
सवयीने कल्ला उचलून बघितला,
आणि ग्रिलमधल्या कढीपत्त्याच्या कुंडीत
बोटभर खोल पुरला.
"झाडाक तरी लागात," म्हणाल्या,
आणि चहा ठेवला. त्याच पेल्यात प्यायल्या.

बुधवारी मांदेली आणल्या.
रवा लावून, कुरकुरीत.
ताटं घेण्याआधी
त्यांनी जुना टॉवेल झटकला
आणि टाकीवर चारी बाजूंनी नीट सोडला,
जसं पलंगाखाली मशीन झाकलंय तसं.
निवासने विचारलं, "हे काय?"
"त्यांका उजेड लागता," त्या म्हणाल्या. "जेव तू."

मैथिलीने मांदेलीचं डोकं
हळूच ताटाच्या कडेला सारलं.
सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं,
टॉवेलकडे पाहिलं,
डोकं उचललं
आणि चावून खाल्लं.